पंधरावी काठी

मी सात नंबरची काठी बोलतेय. गुरं हाकायची नव्हे हो, गोल्फची! तोरणमाळच्या पायथ्याच्या पाड्यात ही बया कुठून उपटली, असंच वाटलं ना? ऐका तर.

गुजरातेतल्या एका मैदानावर कुणा शेठने चेंडू चुकला म्हणून मला झाडावर आपटलं. खेळता येईना त्याला, आणि मार खाल्ला मी! मान वाकली, तोंडावरच्या रेघा पुसल्या. तिथे गवत कापणाऱ्या नवलसिंगने मला उचललं. आई धनुबाईबरोबर तो डोंगरातून मजुरीला आला होता. गुडघ्यावर दाबून त्याने मला जमेल तेवढं सरळ केलं आणि रोज उजाडताच मला घेऊन चेंडूशी झटू लागला. अशी आठ वर्षं गेली. मग त्याने चांगल्या चौदा काठ्या जमवल्या, धनुबाईने मला घरी आणून धान्याच्या कणगीशेजारी उभं केलं.

मागच्या वर्षी त्याची व्यावसायिक खेळाडू व्हायची परीक्षा होती. चार दिवसांचा खेळ, पुढे आलेल्या मोजक्यांनाच मोठ्या स्पर्धांत प्रवेश. या घरात कामाला निघालेल्याचं अवजार आधी कणगीपुढे ठेवतात, नव्या ज्वारीचे दाणे त्याला लावतात. धनुबाईने माझी पूजा केली, फडक्यात गुंडाळलं आणि गुपचूप त्याच्या पिशवीत खोल सारलं. पिशवीत चौदाच काठ्या चालतात, हे तिला बिचारीला कोण सांगणार?

तळोद्याहून निघालेली बस वाटेत बिघडली. नवलसिंग धावतपळत मैदानावर पोचला, काठ्या मोजायच्या राहूनच गेल्या. दुसऱ्या खड्ड्यापाशी त्याच्या हाताला फडकं लागलं. त्याने काठ्या मोजल्या. पंधरा!

शेजारीच दाट झुडूप होतं. सोबतचे खेळाडू पुढे गेले होते. टाक मला, टाक! मी ओरडत होते, पण लोखंडाचं कोण ऐकतं?

त्याने पंचांना हाक मारली. "साहेब, माझ्याकडे पंधरावी काठी आहे."

दोन खड्ड्यांचे मिळून चार फटके दंड पडला. त्यानंतर चारही दिवस तो असा खेळला, की बघणारे थक्क झाले. एकदाही त्याने काठी आपटली नाही, कुणाला शिवी दिली नाही. तीन फटक्यांनी हुकला.

घरी आल्यावर धनुबाईने पावरी बोलीत विचारलं, "काठी कामाला आली का रे?"

"आली ना, आई. तिच्यामुळेच इतका जवळ पोचलो."

त्या क्षणी मला भट्टीत वितळून जावंसं वाटलं. म्हातारी मात्र पाडाभर माझं कौतुक सांगत फिरली.

उद्या पुन्हा परीक्षा आहे. धनुबाई आता अंथरुणाला खिळलीय, दवाखान्यानेही हात टेकले. तरी आज भिंतीला धरून धरून ती कणगीपाशी आली, मला दाणे लावले आणि पिशवीत घातलं. नवलसिंग दारातून बघत होता.

ती झोपल्यावर त्याने पिशवी उघडली. काढ बाबा मला, मी म्हटलं, मी वाकडी आहे, मी तुझा घात करीन. त्याने हात घातला, स्वतःची नवी कोरी सात नंबर काढली आणि कणगीमागे लपवली.

मग काठ्या मोजल्या. माझ्यासकट चौदा भरल्या.