अक्षर कुणाचं?

शुभदा मॅडम महाडच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. जगण्याचा हेतू काय आणि मरणाबद्दल काय वाटतं, अशी प्रश्नावली त्यांनी वर्गात वाटली. नाव लिहायचं नव्हतं. चौतीस कागद परत आले. कुणाला पोलिसात जायचं होतं, कुणाला आईला काशी दाखवायची होती. एका कागदावर मात्र हेतूसमोर ‘नाही’ आणि मरणासमोर ‘भीती वाटत नाही. आता फार वेळ उरलेला नाही’ एवढंच होतं.

“पोरं गंमत करतात हो,” प्राचार्य म्हणाले. मॅडमना मात्र घास उतरेना. त्या एकेक चेहरा निरखू लागल्या आणि त्यांचा संशय अपेक्षावर येऊन थांबला. कापड्याहून येणारी ही अबोल मुलगी दर शनिवारी दुपारचे तास बुडवायची. घरी फोन केला, तर आई म्हणाली, “शनवारी जादा तास असतात ना?” त्यातच तिच्या मनगटावर लाल वळ दिसले.

“काय गं हे?”

“विळी लागली,” तिने बाही ओढून घेतली.

विळीने चीर पडते, वळ उठत नाहीत.

शनिवारी अपेक्षा पोलादपूरच्या एसटीत चढली. मॅडम तोंडाला ओढणी गुंडाळून मागच्या बाकावर बसल्या. मुलीच्या सॅकची चेन अर्धी उघडी होती. आत दोराचं भेंडोळं.

पोलादपुरात उतरून ती घाटाच्या बाजूला चालू लागली, मग पायवाटेने एका कड्यावर चढली. मॅडम धापा टाकत पोचल्या, तेव्हा ती अगदी टोकाशी उभी होती. त्यांनी धावत जाऊन तिचा दंड पकडला.

“मॅडम? तुम्ही इथं?”

खडकाआडून हेल्मेट घातलेली चार डोकी वर आली. घाटात गाडी कोसळली की दरीत उतरणारे हैबतीकाका तिथे मुलांना दोर लावायला शिकवत होते.

“मामा दरीत पडला, तवा दोन दिवस कोण उतरलं नाय,” अपेक्षा म्हणाली. “शेवटी काकांनी वर आणला. मलापण तेच करायचंय. आई सोडायची नाय, म्हणून खोटं बोलले. हातावरचे वळ दोराचेच हायत.”

मॅडमनी पर्समधला कागद पुढे केला. “मग हे?”

“हे माझं नाय.” तिने कागद डोळ्यांजवळ नेला. “हा गाठ मारल्यासारखा ‘ळ’ निषादचा हाय. मी त्याच्या वह्या उतरवते ना.”

तुडीलचा निषाद! वर्गाला हसवणारा. त्याला मॅडमनी पहिल्याच दिवशी संशयातून वगळलं होतं.

मॅडमनी त्याला लावलेला फोन वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा त्याने उचलला.

“निषाद, तो कागद तुझा आहे ना? तू जीव द्यायचा विचार करतोयस का?”

पलीकडून बारीक आवाज आला, “तुम्हाला कसं कळलं?”

“घरी कोण आहे?”

“आई.”

“तिच्याजवळ जाऊन बस. फोन ठेवू नकोस. मी निघाले.”

हैबतीकाकांनी जीप काढली. तुडील येईपर्यंत मॅडम फोनवर त्याच्याशी बोलत राहिल्या. निषाद पडवीत आईला टेकून बसला होता. मॅडमना पाहून तो नेहमीसारखं हसायला गेला. ते जमेना, तसा तो ढसाढसा रडला. सोमवारी त्याला महाडच्या मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा आईसोबत मॅडमही गेल्या. तो आत बोलत असताना दोघी बाहेरच्या बाकावर तासभर बसून होत्या.