लोशच्या दारातली सहाण

वेंडेल कुंझ पिऊन कामाला आला आणि त्यानं दगड नको तितका दाबला, म्हणून सहाण फुटली, असं सांगणारे आमच्या इडार गावात आजही भेटतात. मी त्या दिवशी त्याच पाणचक्कीत, शेजारच्या सहाणेवर होतो. वेंडेल दारूला शिवतही नव्हता. दगडाच्या भुकटीनं त्याची छाती अशी भरली होती, की घोटभर पाण्यानंही त्याला ठसका लागायचा.

आमच्या आज्यांच्या काळात ओढ्याकाठच्या चक्क्या कारागिरांच्याच होत्या आणि आम्ही घासून चकाकवतो तो दागिन्यांचा दगड, अकीक, जवळच्याच डोंगरात निघायचा. मग डोंगर रिकामे झाले. ब्राझीलहून जहाजानं दगड यायला लागला, आणि ज्यांच्या हातात तो दगड, त्यांच्याच हातात हळूहळू चक्क्याही गेल्या. आमची चक्की बेर्नहार्ट लोशच्या घशात गेली. काम मात्र तेच राहिलं. माणसाच्या उंचीची, चाकासारखी उभी, लाल दगडाची सहाण पाण्याच्या जोरावर फिरायची, आणि आम्ही तिच्यासमोर लाकडी घोडीवर पालथे पडून, पाय मागच्या फळीला रेटून, सगळ्या अंगाच्या भारानं अकीक तिच्यावर दाबून धरायचो. सहाण फुटली तर तिच्या वाटेत पहिलं आमचं डोकं.

त्या जानेवारीत ओढा गोठला आणि चक्की थांबली. ओल्या सहाणेत पाणी गोठलं की ती आतून चिरते, हे लोशला कुणी शिकवायला नको होतं. त्याचा बाप आमच्यासारखाच पालथा पडून म्हातारा झाला होता. बर्फ वितळल्यावर वेंडेलनं लाकडी हातोडीनं आपली सहाण ठोकून पाहिली. आवाज बद्द आला. तो तडक लोशकडे गेला आणि नवी सहाण बसल्याशिवाय मी पडणार नाही म्हणाला. लोशनं मान वरसुद्धा केली नाही. पॅरिसचा माल आधीच रखडलाय, म्हणाला. भीती वाटत असेल तर घरी बस, तुझ्या जागी पडायला हवे तेवढे आहेत. ते खोटं नव्हतं. आणि घरी बसणं वेंडेलला जमण्यासारखं नव्हतं.

सोमवारी सकाळी पाणी सोडलं. सहाणेनं वेग धरला आणि अकीक टेकतो न टेकतो तोच ती फुटली. एक अर्धं छताचे वासे मोडून ओढ्याकाठच्या चिखलात जाऊन पडलं. दुसऱ्यानं वेंडेलला गाठलं. जास्त सांगत नाही. घरच्यांना दाखवण्याआधी आम्ही त्याचा चेहरा झाकला.

चौकशीला अधिकारी आला. त्यानं लोशकडे जेवण घेतलं, चक्कीत दारातूनच डोकावला आणि गेला. पुरण्याच्या दिवशी पाद्री म्हणाला, देवाची इच्छा. नंतर वेंडेलच्या घरी कॉफी चालली होती, तिथे लोश काळा कोट घालून आला.

"फिलिपीना, दारूचा विषय मी साहेबापुढे फार ताणला नाही," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मेलेल्याची अब्रू राहू दे."

वेंडेलच्या बायकोच्या, आमच्या वहिनीच्या, हातात किटली होती. ती तिनं खाली ठेवली. "ताणा की. पाठवा साहेबाला माझ्याकडे. इतकी वर्षं त्याचे रुमाल मी धुतलेत. भुकटी निघायची, रक्त निघायचं. दारूचा वास कधी आला नाही."

लोश आमच्याकडे वळला. "दुःखात माणूस काहीही बोलतं."

"आणि हावेपोटी?" वहिनीनं विचारलं.

त्यानं टोपी उचलली आणि तो निघाला.

दुसऱ्या दिवशी कळलं, की चिखलातलं ते अर्धं फोडून ओढ्यात टाकायला त्यानं सांगितलंय. वहिनी आम्हाला घेऊन तिथे गेली. आम्ही पहारी लावून ते उलटलं. आसाजवळ वीतभर भाग काळा पडला होता, त्यात जुना गाळ बसलेला. बाकीचा भाग ताजा, लालभडक. जुनी चीर होती ती, आंधळ्यालाही बोटानं कळली असती.

"हे ओढ्यात जाणार नाही," वहिनी म्हणाली. "हे त्याच्या दारात जाईल."

तिच्या भावानं बैल आणि लाकडी घसरगाडी आणली. अंधार पडेस्तोवर ओढून ते आम्ही लोशच्या फाटकासमोर उभं केलं, काळी चीर रस्त्याकडे करून. परदेशची गिऱ्हाईकं त्याच फाटकातून आत जायची.

लोशनं बैल मागितले. गावात एकाचेही बैल मोकळे नव्हते. त्यानं दोन घणवाले बोलावले. त्यांनी चीर पाहिली, एकमेकांकडे पाहिलं आणि घण खांद्यावर टाकून घरी गेले.

चौकशी पुन्हा झाली नाही. वहिनीला लोशकडून काही मिळालं नाही, माफीचा शब्दही नाही. ती धुणी धुऊन जगली. पण पुढच्या हिवाळ्यात बर्फ वितळल्यावर ओढ्यावरच्या एकाही चक्कीत कुणी सहाण ठोकून पाहिल्याशिवाय पडलं नाही, आणि एक जरी बद्द वाजली तरी सगळेच काम टाकून उठायचे. लोशनं दुसऱ्या गावांतून माणसं आणली. फाटकातून आत शिरताना त्यांनीही ती चीर पाहिली होती. तीही उठली.

लोश म्हातारा होऊन आपल्या पलंगावर मेला. पाद्री म्हणाला, या गावच्या धंद्याचा बाप गेला. पुढच्याच बाकावर वहिनी बसली होती. ती उठली आणि सगळ्यांदेखत चर्चबाहेर चालती झाली. तिच्या मागोमाग आम्हीही उठलो.