ठेवायला दिलेला नारळ

माझ्या नवऱ्याच्या, राजीवच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. लेकीला माहीत नसेल असं नाही. तरी गुरुवारी संध्याकाळी चैत्रालीने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, आणि वर बजावलं, की कोणालाही सांगायचं नाही. आता आपल्या माणसांत ‘कोणालाही’ याचा अर्थ परक्या माणसांना, एवढाच होतो. राजीवने फक्त उत्तराला सांगितलं. उत्तरा आमच्या मंडळाची अध्यक्ष आहे आणि शनिवारी मंडळाचा गणपती होता.

सांगितलं होतं ते असं. आमचा जावई एलादिओ इथल्या फुटबॉल क्लबचा हेड कोच होणार होता. क्लब काही फार मोठा नाही, दुसऱ्या पातळीच्या लीगमधला आहे. जुलैमध्ये जुन्या कोचला काढलं, तेव्हापासून एलादिओ तात्पुरता काम बघत होता. मालकीणबाईंनी त्याला बोलावून सांगितलं, की माझं मत तुझ्याच बाजूने आहे, सोमवारी बोर्ड सही करेल. पण दुसऱ्या उमेदवाराला अजून कळवलेलं नाही आणि बोर्डातले दोघे जण आधीच नाराज आहेत. बातमी बाहेर गेली तर ते अडून बसतील, म्हणून बायकोपलीकडे बोलू नकोस. त्याने बायकोलाच सांगितलं. पुढचं सगळं आमच्या घराण्याचं कर्तृत्व.

एलादिओ स्पेनच्या उत्तरेकडल्या एका लहान गावातला, बेकरीवाल्याचा मुलगा. गोलकीपर होता. पण कसला, तर राखीव. तरुणपण त्याने बाकावर बसून काढलं. पहिल्या डिव्हिजनच्या क्लबात त्याचं नाव होतं, जर्सी होती, पण मॅच एकही खेळला नाही. पुढे अमेरिकेत आला, इथे दोन-तीन वर्षं खरोखर खेळला, तेवढ्यात गुडघा गेला. त्या गुडघ्याची फिजिओ म्हणजे आमची चैत्राली. मग गोलकीपरांचा कोच, मग असिस्टंट कोच. कायम कोणाच्या तरी मागे उभा. सुरुवातीला मी नाक मुरडलं होतं, खोटं कशाला बोलू. मी आयुष्यभर भूल देणारी डॉक्टर. ऑपरेशन थिएटरमध्ये नाव नेहमी सर्जनचं होतं. तेव्हा मागे उभं राहणाऱ्याची किंमत मला तरी कळायला हवी होती, पण जावई म्हटल्यावर माणूस वेगळाच हिशेब मांडतो.

या खेपेला मात्र माझाच जीव टांगणीला लागला होता. हे काम मिळालं नाही तर तो स्पेनला परत जाणार होता. गावाजवळच्या क्लबने मुलांच्या टीमसाठी बोलावलं होतं आणि चैत्रालीने जायची तयारी दाखवली होती. म्हणजे आमची नात इलाही जाणार. इला सात वर्षांची आहे, शाळेतून थेट आमच्याकडे येते, मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देते आणि माझ्या ताटातली पोळी खाते. ती गेली तर या घरात आम्ही दोघं काय बोलणार, हे मला खरंच सुचत नव्हतं.

शनिवारी शाळेच्या भाड्याच्या सभागृहात आरती झाली, मुलांचे नाच झाले आणि उत्तरा माईकपाशी आली. तिने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला तेव्हाच मला कळलं, की राजीवने हिला सांगितलंय. आता आपल्या सर्वांचे जावईबापू, क्लबचे नवे हेड कोच, यांचा मंडळातर्फे सत्कार, असं म्हणून तिने टाळ्या मागितल्या. मी राजीवकडे पाहिलं. तो कुर्त्याच्या खिशातून भाषणाचा कागद काढत होता. चैत्रालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. मंडळाच्या शाली उत्तराच्या गॅरेजमध्ये गठ्ठ्याने असतात. ज्याचा सत्कार होतो तो ती शाल पुढच्या बारशाला कोणाला तरी देऊन टाकतो, त्यामुळे त्या गावभर फिरत असतात. त्यातलीच एक एलादिओच्या खांद्यावर पडली. पगडी त्याच्या डोक्यात जाईना, ती नुसती वर ठेवली. हातात नारळ आला. पहिल्या रांगेतले सगळे फोन वर करून व्हिडिओ घेत होते.

मला वाटलं, आता हा चिडून खाली उतरेल. किंवा हसून मान डोलावेल, आणि दोन्ही वाईटच. त्याने राजीवकडे बघितलं. राजीवचं तोंड आनंदाने नुसतं फुललं होतं, आपण काय करून बसलोय याचा त्याला पत्ताच नव्हता. मग एलादिओने माईक घेतला. आधी इंग्लिशमध्ये बोलला, की माझ्या सासरच्यांचं माझ्यावर फार प्रेम आहे आणि प्रेमाच्या माणसांना थोडी घाई असते. मी या क्लबचा तात्पुरता कोच आहे. पुढचं क्लबने ठरवायचं आहे, ते क्लबच सांगेल. मग पुढे बसलेल्या आजी-आजोबांकडे वळून, आमच्याकडे येता-जाता शिकलेल्या मराठीत म्हणाला,

“मी अजून हेड कोच नाही. शाल घेतो, कारण शाल प्रेमाची. नारळ गणपतीकडे ठेवतो. खरं झालं की बाबांच्या हातून घेईन.”

आणि पगडी सावरत जाऊन त्याने नारळ मूर्तीपुढे ठेवला. लोकांना वाटलं, किती विनम्र. टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेतल्या कोणी तरी खुसखुसत म्हटलंही, की आपल्याकडे नोकरीतून काढताना नारळ देतात, बरं झालं घेतला नाही. मला हसू आलं नाही.

घरी जाताना गाडी राजीव चालवत होता. चैत्रालीने मागच्या सीटवरून त्याला जे सुनावायचं ते सुनावलं. सुनावताना मराठी पुरेना तेव्हा इंग्लिश वापरलं. राजीव सिग्नलला गाडी थांबल्यावर एलादिओला एवढंच म्हणाला, “सॉरी रे. मला वाटलं, आपलीच माणसं आहेत. तू मला ओरडला का नाहीस?”

एलादिओने तेव्हा जे सांगितलं ते चैत्रालीलाही नवीन होतं. स्पेनमध्ये तो पहिल्या डिव्हिजनच्या क्लबात असताना मुख्य गोलकीपरचं बोट दुखावलं. रविवारी तू खेळशील, असं एलादिओला सांगण्यात आलं. त्याने फक्त वडिलांना कळवलं. वडिलांनी बेकरीवर मुलाच्या नावाचा फलक लावला आणि अख्खी बस भरून गाव स्टेडियमला आणलं. रविवारी सकाळी मुख्य गोलकीपर बरा झाला. गावचे लोक आपापले फलक मांडीवर घेऊन बसले, आणि हा बाकावर. मॅच संपल्यावर पार्किंगमध्ये, बसमधल्या सगळ्यांसमोर, तो वडिलांवर ओरडला. तुम्ही मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, म्हणाला. तेव्हापासून वडील मुलाची कुठलीही बातमी कोणाला सांगत नाहीत. लग्नाचीही त्यांनी गावात कोणाला सांगितली नव्हती, फोटो आल्यावर लोकांना कळलं.

“आज स्टेजवरून बाबांकडे बघितलं,” एलादिओ म्हणाला, “तर माझ्या वडिलांचा तोच चेहरा होता. एकदा ओरडलोय मी त्या चेहऱ्यावर. पुन्हा नाही जमणार.”

हिरवा दिवा लागला तरी राजीवने गाडी पुढे घेतली नाही. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा घेतली.

रविवारभर ते व्हिडिओ फिरले. राजीवने एकेकाला फोन करून ते काढून टाकायला सांगितले, त्यामुळे ज्यांनी पाहिले नव्हते त्यांनीही पाहिले. क्लबच्या मॅचेस बघायला जाणारे आपले इंजिनीअर पुष्कळ आहेत, त्यातल्या कोणी तरी कौतुकाने एक व्हिडिओ क्लबच्या पानावरच टाकला. सोमवारी दुपारी बोर्डाची मीटिंग होती आणि एलादिओला ऑफिसात बोलावलं होतं. आम्ही देव पाण्यात घालून बसलो. राजीवने सकाळी पाणी घातलेल्या झाडांना पुन्हा पाणी घातलं. मी उपमा केला, तो कोणी खाल्ला नाही. इलाने विचारलं की आपण स्पेनला जातोय का, तिला वेगळी बॅग मिळेल का. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच नळ सोडून उभी राहिले.

एलादिओचा फोन आलाच नाही. त्याची गाडीच आली. गाडी ड्राइव्हवेवर थांबली आणि तो आतच बसून राहिला. संपलं, असं मला वाटलं. चैत्राली दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. मग तो उतरला, अंगणातून चालत आला आणि म्हणाला, “सही झाली.”

मी तिथेच पायरीवर बसले. राजीव मागे वळून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, खोकल्याचं निमित्त करून.

झालं होतं ते असं. व्हिडिओ मालकीणबाईंनी पाहिला होता, आणि अडून बसणाऱ्या त्या दोघांनीही. त्यातले एक जण म्हणाले, खांद्यावर शाल आहे, समोर सासरचे बसलेत, टाळ्या वाजतायत, त्यांनी घाईने नावही जाहीर करून टाकलंय, आणि तरीही हा माणूस हो म्हणाला नाही. मग आपल्या ड्रेसिंग रूममधली गोष्ट बाहेर कशी जाईल? दुसऱ्यांना पगडीबद्दल कुतूहल होतं. सही करायला दोघांनीही वेळ लावला नाही.

नारळ उत्तराकडे होता. विसर्जनानंतर तो तिने तांदळाच्या भांड्यात ठेवला होता आणि नवऱ्यावर, देवांगवर, पहारा करत होती. त्याला रविवारच्या इडलीसोबत चटणी हवी होती. फोन केल्यावर ती ताबडतोब घेऊन आली. चूक तिचीही होती, त्यामुळे नेहमीपेक्षा कमी बोलली. या वेळी माईक नव्हता, पगडी नव्हती. राजीवच्या खिशात शनिवारचा कागद तसाच होता, पण त्याने तो काढला नाही. दोन्ही हातांनी नारळ पुढे केला. एलादिओने तो घेतला, कपाळाला लावला आणि राजीवच्या पाया पडायला वाकला. गोलकीपरचा गुडघा कटकन वाजला, तेव्हा चैत्रालीने अर्ध्यावरच थांबवलं.

मग त्याने वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. स्पेनमध्ये ते झोपायला निघाले होते, बेकरीवाल्याची झोप लवकरची. एलादिओ स्पॅनिशमध्ये बोलला, नारळ दाखवला. म्हातारबाबा चष्मा शोधून नारळाकडे बघत राहिले. मग त्यांनी हळू आवाजात काही तरी विचारलं. इलाला स्पॅनिश येतं, तिने आम्हाला सांगितलं, “ही इज आस्किंग, इज इट फॉर शुअर? कॅन ही टेल पीपल?”

एलादिओ बोलायच्या आत राजीवच पुढे झाला, फोनमध्ये तोंड घालून मराठीत म्हणाला, “पक्कं, व्याहीबुवा. अगदी पक्कं. सांगा आता सगळ्यांना.”

इलाने ते आजोबांना सांगितलं. त्यांनी फोन गादीवर ठेवला. पडद्यावर नुसतं छत दिसत होतं. खिडकी उघडल्याचा आवाज आला, आणि मग खाली रस्त्यात कोणाला तरी मोठ्याने हाक मारून ते मुलाचं नाव सांगत असलेले ऐकू येऊ लागले. एलादिओने फोन बंद केला नाही. आम्ही सगळे ते छत बघत ऐकत राहिलो.