चार बोटं माया

राजेश्वरीअक्काचं डोकं त्या दिवशी फिरलं ते चार बोटं कापडापायी!

अक्कलकोट रोडला तिचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना. वीस मशिनी, वीस बायका. सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत अशी, की मुलीच्या स्कर्टला खाली आतून चार बोटं जादा कापड दुमडून ठेवायचं. ह्यालाच माया सोडणं म्हणतात. पोरगी उंच झाली, की आईनं दुमड उसवायची, इस्त्री फिरवायची, झाला स्कर्ट पुन्हा मापात. पाचवीतला स्कर्ट आठवीपर्यंत नेणाऱ्या पोरी सोलापुरात पैशाला पासरी.

आता तिचा सगळा माल पुण्याच्या एका कंपनीकडं जायचा. त्या कंपनीला अलीकडं पर्यावरणाचं वेड लागलेलं. चांगलं वेड हो, नाही कशाला म्हणा! अक्कानंही हौसेनं छतावर सोलर बसवलं. बायकांना वेळेवर पगार आणि धड संडास तर आधीपासूनच होते. एवढं करून कंपनीनं ग्रेड दिली ‘ब’.

"का बरं?" तिनं श्रीशैलला विचारलं. श्रीशैल कंपनीचा तपासनीस, पण पोरगा हिच्याच गल्लीतला. एरवी ‘अक्का अक्का’ करत चहाला यायचा. हातात टॅब आला, की मात्र अक्काची मॅडम व्हायची.

"मॅडम, तुमच्या एका स्कर्टला कापड जास्त जातं. खालची चार बोटं नासाडीत धरलीयत."

"नासाडी? अरे, त्या पोरीची पुढची दोन वर्षं आहेत त्यात! एका स्कर्टात भागतंय, म्हणजे दुसरा विणायला नको, रंगवायला नको, शिवायला नको. ह्यालाच म्हणतात ना रे तुमचं ते पर्यावरण?"

"मला पटतंय हो. पण टॅबमध्ये तसा रकानाच नाही. आणि ‘अ’ ग्रेड नसेल, तर पुढच्या हंगामाची ऑर्डर दुसरीकडं जाईल."

"अय्यो देवरे!" अक्कानं कपाळावर हात मारला. ऑर्डर गेली म्हणजे कारखान्याला कुलूप. वीस घरांच्या पोटावर पाय द्यायचा, की चार बोटं कापायची? ती रात्रभर चरफडली आणि सकाळी कटिंग मास्तरला आखूड माप देऊन मोकळी झाली. बायकांनाही गोळा करून बजावलं, "आजपासून दुमड एकच बोट. चार बोटं दुमडाल, तर स्कर्ट गुडघ्याच्या वर जाईल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तानाबाईनं तर सगळ्यांत जोरात डोलावली. ही मूळची मैंदर्गीची, कारखान्यात सगळ्यांत जुनी, आणि दुमडीचं मशीन तिच्याकडं. तोंडाचा पट्टा सुरू, आणि खाली हात आपले चालतायत. नव्या मापाचा पहिला लॉट शिवून, घड्या घालून तयार झाला, आणि अक्कानं सहज एक स्कर्ट उचलून स्वतःच्या कमरेला लावला. वीतभरच दिसावा इतका आखूड! दुसरा उचलला, तोही तसाच. अख्ख्या लॉटला चार-चार बोटं दुमड!

"तानाबाई! डोळे कुठं होते तुझे?"

"डोळं हितंच हुतं की अक्का. पण हात कुटं ऐकत्यात? आजवर चारच बोटं दुमडली न्हवं." तानाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "माजं काम जाईल व्हय आता?"

अक्का तिच्यावर तोंड सोडणार होती, तेवढ्यात तिच्या डोक्यात उजेड पडला. अगं बाई, दुमड आहे म्हणजे कापड आतच आहे की! "बसा गं सगळ्या. उसवा."

संध्याकाळपर्यंत वीसही जणी उसवत बसल्या. तानाबाई जेवायलाही उठली नाही. एक बोट दुमडून, शिवून, इस्त्री मारून अख्खा लॉट मापात बसला. अक्काला कधी एकदा श्रीशैलला दाखवते असं झालं होतं.

श्रीशैलनं एक स्कर्ट उजेडात धरला. "मॅडम, जुन्या सुईची रेघ दिसतीय. दुसऱ्यांदा शिवलेला माल पास होत नाही."

"पहिल्या धुण्यात जाईल ती रेघ! बरं, नको तुम्हाला. करमाळ्याकडच्या एखाद्या वसतिगृहाला फुकट देते."

"कंपनीचा लोगो आहे. विकायचा नाही, वाटायचाही नाही. चिंध्या करायच्या, गाद्यांत भरायला पाठवायच्या आणि फोटो टाकायचा. नियमच आहे."

"नव्याकोऱ्या कपड्यांच्या चिंध्या? आणि नासाडी मी करते म्हणे! लाज नाही वाटत रे तुम्हाला?"

श्रीशैलनं टॅबवर ‘नापास’ दाबलं. लाज त्याला वाटत होती, पण नोकरी त्यालाही होतीच.

चिंध्यांच्या गिरणीवर अक्का स्वतः गेली. कडक इस्त्रीचे स्कर्ट एकेक करून मशिनीत जाताना तिला रडू नाही आलं, संताप आला. नुसता संताप! तो कुणावर काढावा, तेच तिला कळेना. तानाबाई सोबत आली होती, पण ती बाहेर रिक्षातच बसून राहिली.

महिन्याभरानं श्रीशैल हसतहसत आला. हातात पेढ्यांचा पुडा. "अक्का, ‘अ’ ग्रेड! ऑर्डर आपलीच!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. अक्काचाही जीव भांड्यात पडला. "बघ, कापड कमी केलं म्हणून मिळाली ना शेवटी?"

"त्याचे गुण थोडेच मिळाले." श्रीशैल जरा चाचरला. "खरे गुण मिळाले पुनर्वापराचे. तो लॉट चिंध्यांना गेला ना, त्याचे. सगळ्या कारखान्यांत तुम्ही पहिल्या."

अक्कानं हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

"आणि एक आहे," श्रीशैल टॅबकडं बघत म्हणाला. आता तो पुन्हा मॅडम म्हणू लागला होता. "मॅडम, ग्रेड टिकवायची, तर पुढच्या हंगामातही चिंध्यांचं वजन निदान एवढं तरी भरायला पाहिजे. कमी झालं, तर पुन्हा ‘ब’."

तानाबाईनं पदरानं हात पुसले आणि मशिनीवर नवा स्कर्ट घेतला.

"अक्का," तिनं विचारलं, "मग ह्यो नीट शिवू, का चिंध्यांसाटी शिवू?"