डाव्या कमरेचा रंग

नवी कोरी साडी दहा वर्षं जुनी दिसेल अशी करायची, हे सिनेमातलं माझं पहिलं काम.

डोणगावच्या शिवारात शूटिंग ठरलं तेव्हा कपड्यांचं बघणाऱ्या पुष्पांजलीताई गावात शिवणारं कुणी शोधत आल्या आणि माझ्या मशीनपाशी थांबल्या. नायिका शेतमजूर, तिच्या अंगावर सगळ्या सिनेमाभर एकच हिरवी सुती साडी. "शंभरदा धुतलेली दिसली पाहिजे, पण फाटता कामा नये," त्या म्हणाल्या.

माझी तान्ही छकुली निजली की मी साडी काढायची. सोड्यात उकळली, पत्र्यावर वाळवली, चहाच्या पाण्यातून काढली. टाचेशी येणारा काठ पाय घासायच्या वजरीनं घासला. आणि डाव्या कमरेवर, जिथं बाई पोर घेते, तिथला रंग हातानं चोळून चोळून उडवला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या सगळ्या साड्या तिथंच विटल्यात.

पुष्पांजलीताईंनी नेमकी तीच जागा बोटांनी चाचपली. "हे छान केलंत," म्हणाल्या. छकुलीला दात येत होते, झोप कसली ती नव्हतीच. तेवढ्याच शब्दांवर मी कितीतरी दिवस काढले.

शूटिंगला ठरलेलं बाळ तापानं पडलं, म्हणून छकुलीला घेतलं. सीन साधा होता. लिंबाखाली आई बसलीय, बाळ तिच्या खांद्यावर झोपतं. माझी साडी नेसलेल्या नायिका वंदनाताई खरंच गावातल्या दिसत होत्या. त्यांनी छकुलीला उचललं. छकुलीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि असा टाहो फोडला की बांधावरचे बगळे उडाले.

खुळखुळा झाला, बिस्कीट झालं. तिसऱ्यांदा ती रडून निळी पडायला आली तेव्हा मी धावत जाऊन घेतली. माझ्या पदरात नाक खुपसून ती उचक्या देत गप्प झाली.

दिग्दर्शक प्रसेनजित सरांनी ते पाहिलं. "झालं तर मग. ह्यांच्या अंगावरचीच साडी वंदनाला नेसवा."

माझ्या अंगावर नणंदेच्या लग्नातली जांभळी सिंथेटिक होती, चंदेरी फुलांची.

"सर, ही कॅमेऱ्यात चमकेल," पुष्पांजलीताई म्हणाल्या.

"मूल गप्प बसलं ना? मग चमकू दे. पुढचे सगळे सीन हीच साडी."

हिरवी साडी आता पेटीत जाणार, आणि मी केलेलं काही कुणाला दिसणारच नाही.

माझ्या सासूबाई शालूबाई गोठ्याच्या सावलीत पाय पसरून बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अवं, तिले काय जांभळ्या रंगाची भूल पडली काय? तुया घामाचा वास येऊन राह्यला पोरीले. त्या हिरवीले तं निरा साबणाचा वास."

खरं होतं. चहाचा वास वंदनाताईंना आवडायचा नाही, म्हणून शेवटच्या पाण्यात मीच सुगंधी पावडर टाकली होती.

"सर," मी म्हटलं, "उतरत्या उन्हात घ्या ना हा सीन. तवरक मी हिरवी नेसते."

लाइटवाली पोरं वळून पाहायला लागली. सरांनी उन्हाकडे पाहिलं, छकुलीकडे पाहिलं. "नाही जमलं तर जांभळी."

मी हिरवी नेसून गोठ्यात पोत्यावर आडवी झाले, छकुली अंगाशी. ती पीत राहिली, मी घामानं भिजत राहिले. मध्येच तिनं खांद्यावर दूध काढलं. माझा हात पुसायला गेला तर पुष्पांजलीताई ओरडल्या, "पुसू नका!" मग डोळे मिटलेच. बाळंतपणापासून इतकी सलग झोप लागली नव्हती, आणि ही तर कामात धरली जाणार होती.

"मजा हाये बाप्पा एकेकीची," सासूबाई पुटपुटल्या. वारा मात्र त्याच घालत होत्या.

उतरत्या उन्हात मी स्वतःच ती साडी वंदनाताईंना नेसवली. "अजून गरम आहे हो," त्या हळूच म्हणाल्या.

छकुली त्यांच्याकडे गेली. तोंडाकडे पाहिलं. खालचा ओठ थरथरला. मग तिनं खांद्यावरच्या त्या दुधाच्या डागावर नाक घासलं, पदर मुठीत धरला आणि डोळे मिटले.

कुणी हललं नाही. रंग उडवलेली जागा तिच्या मांडीखाली बरोबर आली होती.

"सुंदर," प्रसेनजित सर कुजबुजले. "वंदना, काय आई दिसतेस! उठवू नका, दुसऱ्या बाजूनं घेऊ."

मला वाटलं होतं आनंद होईल. झालाही असेल. पण छाती भरून आली ती दुधानं. जांभळ्या पदराखाली पोलकं ओलं झालं, आणि पोर तिकडे दुसऱ्या बाईच्या खांद्यावर गाढ.

सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "सरळ उभी राय ना वं. पोरगी तिकडे हाये."

मी खाली पाहिलं. माझी डावी कंबर बाहेर काढलेलीच होती, आणि रिकामा हात तिच्याभोवती तसाच.

अंधारून येता येता पुष्पांजलीताईंनी हिरवी साडी घडी घालून माझ्या हातात दिली. "उद्या ह्याच सीनचा उरलेला भाग. धुवू नका. सकाळी नेसूनच या."

छकुली जागी होऊन माझ्याकडे झेपावली. एका कडेवर ती, दुसऱ्या बगलेत साडी. दोन्हींना एकच वास येत होता.