सातव्या रांगेतली बावीस नंबर

माणसांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, पण त्यांच्या बुडाखालच्या खुर्च्या राहतात. यात मोठेपणा काही नाही, माझा धंदाच तो आहे. शहरातल्या मोठ्या संगीत सभागृहातल्या नऊशे साठ खुर्च्यांच्या गाद्या, पाठी आणि हात मी शिवते. आधी सासरे शिवायचे, त्यांची नजर अधू झाल्यापासून मी.

वर्षातले दोन महिने सभागृह बंद असतं. तेव्हा मी दाभण, दोरा आणि फोमचे तुकडे घेऊन रांगारांगांतून गुडघ्यांवर फिरते. खुर्चीवर हात फिरवला की बसणाऱ्याची सगळी कुंडली कळते. चौथ्या रांगेतला पाच नंबरवाला डाव्या कुशीवर झोपतो. अकराव्या रांगेत एक नवरा-बायको असावेत, कारण त्यांच्या मधल्या हातावर दोघांपैकी कुणीच कोपर टेकत नाही. कापड अगदी नवंकोरं. बारा वर्षांत एकदाही समेट झालेला दिसत नाही.

कार्यक्रम मात्र मी एकही पाहिला नव्हता. वीस वर्षांत एकही नाही. सासरे म्हणायचे, "आपण खुर्ची करायची, बसायचं लोकांनी." आणि मला ते पटलं होतं.

तर ही बावीस नंबर. सातवी रांग, वाटेच्या कडेची. हिचा डावा हात दरवर्षी उसवलेला. दुसरीकडे कापड झिजतं, मळतं, हे वेगळंच होतं. हाताच्या वरच्या कडेला जी शिवण असते, तिचे टाके एकामागून एक उचकटलेले, आणि पुढे पुढे तर दोरा तुटून कापडाच्या चिंध्या. उजवा हात धडधाकट. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे पाठ. पाठीला साधी सुरकुती नाही. म्हणजे हे जे कोण होतं, ते आठ वर्षं खुर्चीच्या टोकावर बसून नुसतं डाव्या हातानं माझी शिवण कुरतडत होतं.

मी काय काय तर्क केले! किल्ल्या, बांगडी, कुत्र्याचं पिल्लू, दात. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुझ्याच कुणी वैऱ्याचं काम असेल, तुला कमी आहेत का?" त्याला दोन दिवस मी धड जेवायला वाढलं नाही.

यंदा मात्र माझं टाळकं सटकलं. मी जाड दोरा आणला आणि टाके अगदी खेटून घातले. सासऱ्यांची शिस्त एका इंचात सहा टाक्यांची. मी आठ घातले. म्हटलं, उसव आता! आणि तडक व्यवस्थापकांकडे गेले.

"ती खुर्ची कोणाची आहे ते सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी मी तिला हात लावणार नाही."

व्यवस्थापक सज्जन माणूस, पण नियमाचा पक्का. "वर्षभराचं आरक्षण आहे, नाव सांगता येत नाही," म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी खण उघडला. "पण तेवीस नंबरचा एक पास देतो. रविवारी दुपारी मोसमातला पहिला कार्यक्रम आहे. बसा शेजारी आणि बघा काय ते. भांडण मात्र नको."

भांडायचं नाही तर जायचं कशाला, असं मनात म्हणत मी गेले. लग्नाकार्यातली साडी नेसले होते आणि पर्समध्ये सवयीनं टाचण्यांची डबी होती.

बावीस नंबरवर एक म्हातारी बाई येऊन बसली. सत्तरीची असेल. लहानखुरी, केस चापूनचोपून बांधलेले, मांडीवर पर्स, डोळ्यांत काळजी. ही? ही माझी वैरीण? मला तर जरा हिरमुसल्यासारखंच झालं. पहिला सगळा भाग मी मंचाकडे न बघता तिच्या डाव्या हाताकडे बघत काढला. तो हात शहाण्यासारखा जागच्या जागी होता. शेवटी शेवटी मात्र तिचं तर्जनीचं नख कडेच्या शिवणीवर आलं आणि टाक्याटाक्यानं पुढे सरकायला लागलं. मग तिनं कपाळाला आठ्या घातल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मध्यंतराचे दिवे लागले तशी मी तिचा हात धरलाच.

"अहो मावशी, तुम्हीच का त्या? आठ वर्षं माझी शिवण उसवताय, काय बिघडवलंय मी तुमचं?"

बाई इतकी दचकली की मलाच लाज वाटली. आधी तिला काही उमजेना. मी कोण, ते सांगितल्यावर तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"अगं बाई! तू शिवतेस होय? माझ्या कधी मनातच आलं नाही, की हे कुणाला तरी नीट करावं लागत असेल."

"पण करता काय तुम्ही?"

तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मोजते."

मग तिनं सगळं सांगितलं. तिचा मुलगा याच वाद्यवृंदात, अगदी मागच्या रांगेत उभा राहून मोठ्या झांजा वाजवतो. वाजवतो म्हणजे बहुतेक वेळ गप्प उभा असतो. आज मध्यंतरानंतर जी मोठी रचना होती, तिच्यात त्याला एकशे ऐंशी आवर्तनं थांबून एकदाच झांज मारायची होती. एकच फटका, पण तो चुकला की सगळ्यांना कळतो. आठ वर्षांपूर्वी याच रचनेत तो एक आवर्तन आधी मारून बसला, ते नेमकं अगदी हळुवार जागी.

"पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांचा चष्मा पडला गं," ती म्हणाली. "पेपरात आलं. तेव्हापासून ह्याचा धीरच गेला. मोजायला लागला की मध्येच वाटतं, चुकलो. म्हणून प्रत्येक कार्यक्रमात मी मोजते. आकडे मोजायला गेले तर माझाही गोंधळ होतो, म्हणून टाके. एका आवर्तनाला एक टाका. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत साठ होतात. ह्या रचनेला तीन फेऱ्या झाल्या की मी पांढरा रुमाल काढते. ह्या पायरीचा दिवा माझ्या मांडीवर पडतो ना, त्याला तिथून बरोबर दिसतं."

मी त्या दिव्याकडे पाहिलं, मग त्या शिवणीकडे.

"पण यंदा शिवण हाताला निराळीच लागतेय," ती पुढे म्हणाली. "आणि यंदाच वाद्यवृंदाला नवे संचालक आलेत. त्यांनी तालमीतच सांगितलंय, एकदा जरी चुकलास तरी झांजा दुसऱ्याकडे जातील. सतरा वर्षांची नोकरी आहे त्याची."

सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "मावशी, यंदा तिथे साठ नाहीत. ऐंशी आहेत. तुम्ही उसवू नये म्हणून मीच दाट घातलेत."

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मध्यंतर संपायला पाचएक मिनिटं होती. टाक्यांचा हिशोब मला कुणी झोपेतून उठवून विचारला तरी येतो. ऐंशी दुणे एकशे साठ, वर वीस. "दोन फेऱ्या पुऱ्या करायच्या आणि तिसऱ्या फेरीत फक्त विसाव्या टाक्यापर्यंत जायचं," मी म्हटलं. पर्समधून टाचणी काढली, वीस टाके दोनदा मोजले आणि तिथे टाचणी अशी खोचली की डोकं तेवढं बोटाला लागेल. "दोनदा हिच्यावरून पुढे जायचं, तिसऱ्यांदा थांबायचं." तिनं मान हलवली. दिवे गेले.

मी तिच्या बोटावर नजर ठेवणार होते, खरंच. पण समोर तीस-चाळीस माणसांनी एकदम वाद्यांचे गज उचलले आणि ते सगळे गज एकाच वेळी खाली आले. दाभण कापडातून ओढताना जसा खांद्यापासून जोर येतो, तसाच त्यांचा जोर खांद्यापासून येत होता. हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं संगीत बोटांचं असतं. एक जाडा माणूस त्याच्याहून मोठ्या वाद्याला मिठी मारून उभा होता, त्याचा आवाज माझ्या कानांना लागायच्या आधी बुडाखालच्या गादीतून आला. माझ्याच हातच्या गादीतून! वीस वर्षं मी त्या फोमला गादी समजत होते. आणि सगळ्यांच्या मागे, झांजा मांडीशी धरून, एक टक्कल पडलेला माणूस पुतळ्यासारखा उभा होता.

भानावर आले तेव्हा मावशींची दुसरी फेरी चालू होती, आणि मला दिसलं की त्यांचं नख घसरतंय. टाके इतके दाट होते की एकावर थांबायला जावं तर बोट पुढचे दोन-तीन ओलांडून जायचं. म्हाताऱ्या बोटाला माझी नवी शिवण पेलत नव्हती. किती निसटले होते? पाच? बारा? मी बघत असते तर सांगता आलं असतं. मी तर त्या जाड्या माणसाकडे बघत बसले होते.

तिसरी फेरी सुरू झाली. बोट टाचणीशी आलं आणि त्यांचा उजवा हात पर्सकडे गेला.

मी त्यांचं मनगट धरलं. टाके निसटले म्हणजे बोट लवकर पोचलं, एवढंच मला कळत होतं. लवकर म्हणजे चूक. पण मग बरोबर केव्हा, ते देवालाच ठाऊक. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मी नको म्हणून मान हलवली. मला स्वतःचा इतका राग आला होता की रडू येईल असं वाटत होतं.

वाद्यं हळूहळू चढत होती. मागचा तो माणूस सरळ सातव्या रांगेकडे बघत होता. दिव्याच्या उजेडात मांडी होती, पर्स होती, रुमाल नव्हता. तो बघत राहिला. मग त्यानं आमच्यावरची नजर काढून संचालकांकडे नेली, झांजा छातीपर्यंत उचलल्या आणि मारल्या.

तो आवाज कसा होता ते मला सांगता येणार नाही. नेमका त्याच क्षणी सगळा वाद्यवृंद उसळून वर आला आणि झांज त्याच्या अगदी डोक्यावर बसली. संचालकांनी मागे पाहून मान डोलावली, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मावशींनी रुमाल काढला तो आता, डोळ्यांना लावायला.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला ओढतच मागच्या दाराशी नेलं. मुलगा धावत आला.

"आई, रुमाल का नाही काढलास? मी केवढा घाबरलो! वाटलं, तुला काही झालं."

"माझं सोड. तू मारलंस कसं?"

"मोजून."

"मोजून?"

"पहिली दोन वर्षं तुझ्याकडे बघून मारली. मग माझं मलाच यायला लागलं गं." तो चाळिशीचा माणूस शाळेतल्या पोरासारखा पायाकडे बघत होता. "रुमाल दिसला की बरं वाटायचं. म्हणून बघायचो."

"मग सांगायला काय झालं होतं तुला? सहा वर्षं माझं बोट झिजलं!"

"आणि माझं कापड!" मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू येणं बंद केलं असतंस."

मावशी मुलाच्या कोटाचं बटण उगाच नीट करत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "बाळा, मी ते कधी ऐकलंच नाही रे. आठ वर्षं इथे येतेय आणि मी नुसतं मोजलंय."

त्यानंतर मी आणखी चार कार्यक्रम पाहिले, पण मागच्या रांगांत बसून. सातव्या रांगेतली जागा परत मिळाली नाही.

पुढच्या बंदच्या महिन्यात व्यवस्थापकांनी दुरुस्तीची यादी दिली. मी आधी सातवी रांग शोधली. बावीस नंबर यादीतच नव्हती. सत्तरीची बाई, वर्षभरात काहीही होऊ शकतं. पिशवी तिथेच टाकून मी सभागृहात गेले. डावा हात जसाच्या तसा होता, ऐंशीच्या ऐंशी टाके शाबूत. कुणी बोटही लावलं नव्हतं.

मी त्या खुर्चीवर बसले आणि पाठ मागे टेकली. ती आत गेली. उठून पाहिलं तर आजवर कोऱ्या राहिलेल्या पाठीला मधोमध एक खोलगट जागा पडली होती, लहानखुऱ्या बाईच्या पाठीएवढी.

असे खड्डे फोम भरून काढायचे असतात, आमचं कामच ते. सवयीनं दाभणात दोराही ओवला होता. तो काढून रिळाला गुंडाळला आणि मी पुढच्या खुर्चीकडे गेले.