कोरडा सांधा

पवईच्या चढावर ट्रकच्या पोटात फट्ट झालं आणि लिओनार्डच्या पायाखालचा सगळा जोर पळाला. पेडल खालपर्यंत दाबलं तरी गाडी नुसती गुरगुरे, मागे काळा धूर ओके. त्याने हँडब्रेक ओढला.

"गेला," तो म्हणाला.

"काय गेला?"

"टर्बोचा पाइप. निसटला."

शेजारी बसलेली आयडा त्याची बायको. आज तिला मुलाने, ॲश्टनने, पाळत ठेवायला गाडीत बसवलं होतं. गेल्या महिनाभरात हा पाइप कितीदा निसटला होता, आणि प्रत्येक वेळी मढची मासळी बर्फासकट रस्त्यात वितळत बसली होती. शेवटी पोराने सांगून टाकलं होतं, "पप्पा, आज मुलुंडपर्यंत कुठे एकदा जरी दम टाकला ना, तर चावी द्यायची. गिऱ्हाईक तयार आहे. मम्मी सांगेल मला, तुझ्यावर भरवसा नाय."

लिओनार्डने शब्द दिला होता. गाडी गेली की शूटिंगच्या बंगल्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून खुर्ची टाकून बसायचं, हे त्याच्यासाठी आधीच ठरलेलं होतं.

उजवीकडे दुभाजक, डावीकडे बस, मागे मुंबईभरचे हॉर्न. दार जेमतेम उघडलं. पोट आत घेऊन तो बाहेर सरकला आणि बोनेट वर केलं. आतून भट्टीसारखी धग आली. पाइप आपल्या नळीवरून सुटून बाजूला पडला होता. क्लिप शाबूत, घट्टच्या घट्ट.

एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढली. "काका, मच्छी इथेच विका, आम्ही घेतो!"

"तुझ्या रिक्षात भरू काय रे?" लिओनार्ड ओरडला, पण आवाजात जीव नव्हता.

त्याने पाइप पुन्हा चढवला, क्लिप आवळली, सीटवर आला, गाडी उचलली. बसच्या लांबीएवढी गेली असेल, नसेल. फट्ट.

"आवळ अजून," आयडा म्हणाली.

"किती आवळू? रबर कापेल."

पुन्हा खाली. या खेपेला आयडाही मागोमाग उतरली, साडी गुडघ्यापर्यंत खोचून. तिने पाइपच्या तोंडात बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"लिओ, हे खोबरेल आहे."

त्याने क्लिप उगाच बोटांत फिरवली.

"माझ्या बाटलीतलं?"

"दर रविवारी लावतो. चर्चमधल्या मिस्सानंतर. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकतं का गं? बापाने होडीची एकेक कडी तेलात ठेवलेली. रबराला भेगा नकोत म्हणून थोडं आतूनही..."

"आणि धोंडिराम काय म्हणाला होता?"

धोंडिराम म्हणजे जोगेश्वरीचा मेकॅनिक. चढावर बर्फाचा भार ओढता यावा म्हणून ॲश्टनने त्याच्याकडून इंजिनाची ताकद वाढवून घेतली होती. "आता पाइपात हवा दुप्पट जोराने धावणार, सांधा कोरडा ठेवा," असं तो बजावून सांगत होता, तेव्हा लिओनार्ड मान हलवत होता. मनात म्हणत होता, याने समुद्र कुठे पाहिलाय.

"तेल लावून पाइप मीच माझ्या हाताने बाहेर ढकलत होतो म्हणजे," तो हळूच म्हणाला.

आयडाने पर्समधून सॅनिटायझरची बाटली काढली, पदराचं टोक भिजवलं आणि पाइप आतून पुसायला घेतला. पदर काळा झाला. लिओनार्डने रुमालाने नळी घासली, बोट करकरेपर्यंत. दोघांनी फुंकर घालून वाळवली. मग पाइप चढवायला गेले तर तो चढेना. कोरडं रबर कोरड्या लोखंडावर अडून बसलं. आयडाने खालून धरलं, त्याने वरून रेटलं. तिची बोटं भाजत होती, पण तिने सोडलं नाही.

या खेपेला पाइप बसला तो बसलाच. गाडी चढाला लागली, वर आली, तलाव मागे पडला. पेडल दाबावं तसा आतून शीळ घातल्यासारखा आवाज येई आणि ट्रक पुढे झेपावे. एवढी चांगली ती कधी चाललीच नव्हती.

फोन वाजला. ॲश्टन.

"काय सांगू?" आयडाने विचारलं. बोटं तिने पाण्याच्या बाटलीला टेकवून धरली होती. "खोटं सांगायचं असेल तर सांगते. उपवासकाळ आहे, कन्फेशनला तसंही जायचंच आहे."

फोन वाजत राहिला. लिओनार्डने तिच्या लाल बोटांकडे पाहिलं.

"दे इकडे. स्पीकरवर टाक." मग तो मोठ्याने म्हणाला, "ॲश्टन, दम टाकला रे. पवईला."



"मग आता कुठे आहेस?"

"चाललोय. चूक माझीच होती. सापडली, दुरुस्त केली."

"पप्पा, अट म्हणजे अट." आवाज मऊ झाला होता, पण शब्द तेच होते. "संध्याकाळी माणूस येतोय बघायला."

"येऊ दे."

आयडाने फोन पर्समध्ये टाकला. गांधीनगरचा सिग्नल हिरवा होता. भांडुपला नेहमी गाड्यांची रांग लागते, तिथेही आज रस्ता मोकळा. लिओनार्ड आरशात बघत राहिला. एखादी बस आडवी यावी, कुणी हात दाखवून थांबवावं, निदान एक सिग्नल तरी लाल लागावा, ही शेवटची फेरी तेवढीच लांबावी.

समोर मुलुंडची पाटी दिसली. त्याने पेडलवरचा पाय थोडा उचलला.